दोन बोटं कंबर

ती गेल्याचं मला दुपारी सव्वातीन वाजता कळलं. मी दुकानात होतो. चित्राच्या एका चौकटीचे कोपरे सरसाने जोडून दोरीने आवळत होतो, तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलमधल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांचे मिस्टर का?" 'त्यांचे' म्हणजे कुणाचे, हे मी विचारलंच नाही. त्यांच्या आवाजावरून समजलं.

बसथांब्यावर तिला चक्कर आली होती. लोकांनी टॅक्सीत घालून आणलं होतं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिला खाली शवागारात न्यायला दोन माणसं आली. त्यातला एक दुसऱ्याच्या कानाशी म्हणाला, "बाई जड आहेत रे. दोघांचं काम नाही."

तो काही वाईट बोलला नाही. त्याच्या कामाचं बोलला. पण मला ऐकू आलं.

"मग चौघं बोलवा," मी म्हणालो. "चौघांत झालं नाही तर सहा बोलवा. मला घाई नाही."

चौघं आले. तिला नीट नेलं.

मग आठवडाभर लोक भेटायला येत होते. शेजारी, तिच्या ओळखीच्या बायका, माझी गिऱ्हाइकं. जो तो एकच बोलायचा. "अंगानं भारी होत्या, पण स्वभाव काय गोड!" "जाड होत्या, पण चालणं कसं ऐटीत!" मी मान हलवत होतो. चहा विचारत होतो. रात्री अंथरुणावर पडलो की तो एक 'पण' टोचायचा. आमचा संसार अडतीस वर्षांचा. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात तो 'पण' एकदाही आला नाही.

मी सुतार माणूस. लिहायची सवय नाही. तरी लिहितो आहे. आमची गाठ कशी पडली तेवढं सांगतो.

मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. चित्रकलेच्या कॉलेजात नोकरीला होतो. मोठ्या इमारतीच्या मागे पत्र्याचं छप्पर असलेली खोली, तिला एक खिडकी, खिडकीखाली माझं टेबल. मुलांचे मोडके स्टँड दुरुस्त करायचे, कॅनव्हास ताणायला लाकडी सांगाडे करायचे, वर्षाला एकदा प्रदर्शन भरायचं त्याच्या चौकटी करायच्या. माझं काम नीट असायचं. कोपऱ्याच्या सांध्यात पोस्टकार्ड शिरत नसे.

त्या दिवशी मी खाली बसून एका जुन्या सांगाड्यातल्या चुका उपटत होतो. छोट्या खिळ्यांना आम्ही सुतार चुका म्हणतो. दाराशी उजेड अडला म्हणून वर पाहिलं. दार भरून एक बाई उभी होती. हात कमरेवर, केस ओले, खांद्यावर टॉवेल. निळ्या कपड्यात. माझ्याहून दोन बोटं उंच आणि माझ्या दुप्पट रुंद.

"चौकटी तुम्हीच करता?" तिने विचारलं.

"हो."

"मग बरोबर जागी आले. तुमच्या चुका काढायला आलेय."

मी हातातली पकड वर केली. "चुका काढायला पकड लागते, बाई. ही घ्या. पेटीभर आहेत."

ती हसली नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग पकडीकडे, मग जमिनीवर पडलेल्या खिळ्यांकडे. तिच्या लक्षात आलं. मग मात्र अशी हसली की पत्र्यावर बसलेले कावळे उडाले. मी अतिशयोक्ती करत नाही. उडाले.

ती कॉलेजात मॉडेल होती. आधी एका लाँड्रीत इस्त्री करायची, लाँड्री बंद पडली म्हणून इकडे आली. मुलं तिला बघून चित्रं काढत. आमच्या मास्तरांनी, म्हणजे कॉलेजातल्या सगळ्यात जुन्या शिक्षकांनी, तिचं एक मोठं चित्र रंगवलं होतं. ती स्टुलावर बसलेली, पाठ आणि खांदे उघडे, कमरेला पांढरी चादर, मान वळवून बघतेय. त्याची चौकट मीच केली होती. मला ती चौकट आवडली होती.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

वर्गात चित्र भिंतीला टेकून ठेवलं होतं. तिने माझा हात धरून माझंच बोट चौकटीच्या कडेवर टेकवलं.

"इथं काय आहे?"

"लाकूड. सागाचं."

"लाकडाखाली काय आहे?"

मी कडेवरून बोट फिरवून पाहिलं.

"मी आहे," ती म्हणाली. "इकडून एक बोट, तिकडून एक बोट. दोन बोटं कंबर खाल्ली तुमच्या सागानं."

चौकटीला आतून खाच असते. त्या खाचेत कॅनव्हास बसतो आणि पुढून लाकडाची कड त्याला धरून ठेवते. कडेखाली बोटभर चित्र झाकलं जातंच. जगात सगळीकडे असंच करतात. मी तिला तसं समजावून सांगितलं.

"बोटभर सगळ्यांचंच जातं, बाई."

"सगळ्यांचं जात असेल. त्यांच्या कडेला भिंत रंगवलेली असते, नाहीतर आकाश असतं. माझ्या चित्रात कडेला मी आहे."

मी चित्र पाहिलं. खरंच होतं. मास्तरांनी तिला कॅनव्हासच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवलं होतं. मोकळी जागा सोडलीच नव्हती. मी माप घेतलं होतं, लाकूड कापलं होतं, पण चित्राकडे बघितलं नव्हतं. सुताराची चूक ही अशी असते.

"दोन दिवस द्या," मी म्हणालो. "काहीतरी करतो."

"देते. वाट बघायची मला सवय आहे. दिवसभर तेच करते… हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं नाही."

"आणि बोलायचं सगळं माझ्या खोलीत येऊन?"

"का? पत्रा उडेल?"

"कावळे उडाले," मी म्हणालो.

दोन दिवसांचे पंधरा झाले. एक चौकट जमली नाही, दुसरी मोडली. मुद्दाम वेळ लावत होतो का? थोडा लावत होतो. ती रोज वर्ग सुटला की यायची, लाकडाच्या ओंडक्यावर बसायची आणि चहा संपेपर्यंत त्या दिवसाचा हिशेब द्यायची.

"आज सात जणांनी मला तासलं."

'तासलं' हा शब्द तिने माझ्याकडून उचलला होता. रंध्याने लाकूड तासतात तशी मुलं चित्रात तिची कंबर तासायची. समोर एवढी बाई बसलेली असताना कागदावर भलतीच निघायची. बारीक दंड, चपटं पोट. वर्ग सुटल्यावर ती एकेका स्टँडमागे जाऊन बघायची.

"एकाला विचारलं, अरे, माझं पोट कुठं गेलं? तर म्हणतो, मावशी, तुमच्या भल्यासाठीच कमी केलं. भल्यासाठी! जसा काही डॉक्टरच."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पोट माझं आहे, तू कशाला उपाशी ठेवतोस?"

मास्तरांच्या खोलीत एक जाडजूड पुस्तक होतं. जगभरच्या चित्रांचं. ते ती दुपारच्या सुट्टीत चाळायची आणि मला येऊन सांगायची. पहिल्याच पानावर म्हणे दगडाची मुठीएवढी बाई आहे, नुसतं पोट आणि मांड्या. मधल्या पानांवर पोटाला तीन तीन वळ्या असलेल्या बायका, राजांनी आपल्या महालात टांगलेल्या. मग पुढे पुढे कंबर आवळत जाते.

"आणि शेवटच्या पानावर नुसती हाडं," ती म्हणाली. "म्हणजे बघा, दर शंभर वर्षांनी कुणीतरी ठरवतं की आता बायकांनी असं दिसायचं. बायका बिचाऱ्या त्याच. पान उलटतं." मग म्हणाली, "मी जन्माला उशिरा आले. तीनशे वर्षं."

मी पटाशीने खाच खोदत होतो. मान वर न करता म्हणालो, "मला तर तुम्ही वेळेवर आल्यासारख्या वाटता."

पटाशी अंगठ्याला लागली. तिने टॉवेलचं टोक फाडून बांधलं. बांधताना जरा जास्तच गाठी मारल्या… मी मोजल्या. चार.

"एका अंगठ्याला चार गाठी?"

"सुटायला नको," ती म्हणाली.

सोळाव्या दिवशी चौकट झाली. युक्ती साधी होती. कॅनव्हास पुढून धरायचाच नाही. मागच्या बाजूला पट्ट्या द्यायच्या आणि चित्र त्या पट्ट्यांवर ठेवून मागून पक्कं करायचं. चौकट चारही बाजूंनी बोटभर लांब राहते. चित्राला कुठंही शिवत नाही. आता अशा चौकटी सगळे करतात. तेव्हा मी तरी पाहिली नव्हती.

तिने चौकटीभोवती एक फेरी मारली. "ही मला धरत नाही," ती म्हणाली.

"मागून धरते. पुढून दिसत नाही एवढंच."

"चौकटीचं सांगताय की स्वतःचं?"

मी चौकटीवरचा भुसा पुसायला लागलो. ती म्हणाली, "पत्त्यांत असतो ना, चौकटचा राजा? तसे दिसता. फक्त मिशी हवी."

मी मिशी वाढवायला घेतली.

आणि मग प्रदर्शनाच्या समितीचे अध्यक्ष आले. कॉलेजला देणग्या देणारे मोठे गृहस्थ. प्रदर्शन आठ दिवसांवर होतं. ते सगळी चित्रं बघत बघत मास्तरांच्या चित्रापाशी थांबले. मी चौकट घेऊन मागेच उभा होतो.

"मास्तर, हे फार होतंय," ते म्हणाले. "घरच्या बायका बघायला येणार. त्यांना असं बघवत नाही आता. जमाना बदलला. जरा आटोपशीर करा."

मास्तरांना वर्षभराने निवृत्त व्हायचं होतं. ते म्हणाले, "आता परत रंगवू कसं?"

"रंगवू नका. दुमडा. सुतार आहे ना? लहान सांगाड्यावर घ्या. चार बोटं इकडून मागे, चार बोटं तिकडून मागे. कुणाला कळणारही नाही."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. बुटांकडे बघत म्हणाले, "होईल."

त्या दिवशी चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. पण सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"मग? तुम्ही काय करणार?"

"नोकरी आहे… वरून हुकूम आहे…"

"तुम्ही काय करणार, ते विचारतेय."

ती उठली.

"मी लाँड्रीत होते तेव्हा लोक म्हणायचे, जरा बारीक झालीस तर बरी दिसशील. मी हसून सोडायचे. इथं आले आणि पहिल्यांदा कुणीतरी मला जशी आहे तशी पूर्ण काढली. माझ्या आयुष्यात एकदाच. ते तुम्ही दुमडून मागे खिळे मारणार." दारात जाऊन ती वळली. "मला वाटलं होतं चौकटचा राजा आहे. हा तर गुलाम निघाला."

तीन दिवस ती आली नाही. वर्गात यायची, समोरच्या वाटेने निघून जायची. मी ओंडका तिच्या जागेवरून हलवला. मग परत तिथंच ठेवला.

चौथ्या दिवशी मी चित्र खोलीत आणलं. लहान सांगाडा करून ठेवला होता. हो, केला होता. खोटं कशाला सांगू? चित्र पालथं घालून चुका उपटायला बसलो. एकेक उपटत कॅनव्हासची कड सोडवली. सांगाड्याच्या कडेवरून मागे वळवलेला जो भाग असतो तो सपाट केला, आणि थांबलो.

त्या दुमडलेल्या भागावरही रंग होता. मास्तर तिची कंबर रंगवत रंगवत कॅनव्हासच्या कडेवरून खाली उतरले होते. पुढच्या बाजूला ती मावलीच नव्हती. दोन्हीकडे दोन दोन बोटं ती आधीपासूनच मागे वळलेली होती, खिळ्यांखाली. ते ना तिला माहीत होतं, ना मला. मास्तर विसरले होते.

मी लहान सांगाडा उचलला आणि कापून त्याच्या पाचरी केल्या.

मोठा सांगाडा करायला दोन दिवस लागले. कॅनव्हासला मागून धरायला कापड उरलं नव्हतं, म्हणून चारही कडांना मागच्या अंगाने जाड कापडाच्या पट्ट्या सरसाने डकवल्या. ते वाळेपर्यंत जीव मुठीत. मग हळूहळू ताणलं. एकही तडा गेला नाही. चित्र आधीपेक्षा चार बोटं रुंद झालं. मोकळी चौकटही नव्या मापाने पुन्हा केली. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, शिडीवर चढून ते मधल्या भिंतीवर टांगलं.

अध्यक्ष आले ते लोकांच्या घोळक्यातच. दारं उघडली होती. त्यांनी चित्र पाहिलं आणि मला कोपऱ्यात घेतलं.

"मी काय सांगितलं होतं?"

"माप चुकलं, साहेब."

"किती चुकलं?"

"आठ बोटं कमी करायची होती. चार बोटं वाढली."

"बारा बोटांची चूक?"

"सुतार अडाणी असतो, साहेब," मी म्हणालो.

ते काही बोलणार, तेवढ्यात मास्तर मधे आले. म्हातारा चष्मा काढून चित्राकडे बघत होता. "बरोबर आहे माप," ते म्हणाले. "माझंच आधी चुकलं होतं."

चित्रासमोर बायका उभ्या होत्या. घरच्या बायका. एक आजी, सून, नात, शेजारच्या दोघी. कुणी तोंड फिरवलं नाही. आजी सुनेला म्हणत होती, "बघ, माझे दंड असेच होते गं, तुझ्या नवऱ्याच्या वेळी." सून म्हणाली, "आई, अजून आहेत की." आणि दोघी हसल्या.

ती दुपारी आली. त्याच निळ्या कपड्यात. चित्रापुढे उभी राहिली. मग जवळ गेली, कड पाहिली, बोटं हवेतच ठेवून मोजलं. एक, दोन. तिकडे जाऊन पुन्हा एक, दोन. मग माझ्याकडे आली.

"ही दोन बोटं कुठून आणलीत?"

"तुमचीच आहेत. मागे होती."

तिचे डोळे भरले होते. पण ती रडणारी नव्हती. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "मिशी वाढली."

"वाढवतोय."

"कशाला?"

"राजाला लागते म्हणे."

"राजा? नोकरी जाणार तुमची."

"जाईल. बाहेर दुकान टाकीन. चौकटी काय, कुठंही होतात." सगळी वाक्यं ठरवून आलो होतो, त्यातलं एकही आठवेना. "फक्त… दुकानात बसायला ओंडका ठेवावा लागेल. कुणी रोज येणार असेल तर."

"रोज?"

"रोज."

"आणि मी जशी आहे तशी?"

"मी तासायचं काम फक्त लाकडावर करतो," मी म्हणालो.

ती सगळ्यांसमोर मोठ्याने हसली. अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं. तिने माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही तसेच, हात न सोडता, बाकीची सगळी चित्रं बघितली. एकही आठवत नाही.

नोकरी महिनाभरात गेली. लग्न त्याच्या पुढच्या महिन्यात झालं, नोंदणी कार्यालयात. माझी मोठी बहीण, आमची ताई, सहीला यायला तयार नव्हती. मला आईच्या माघारी तिनेच वाढवलेलं. म्हणाली, "अख्ख्या कॉलेजनं पाहिलेली बायको आणतोस घरात?"

"पाहिली सगळ्यांनी, ताई," मी म्हणालो. "पण एकट्या मास्तरांनाच नीट दिसली."

ताई आली सहीला. पुढे दोघींचं असं जमलं की माझ्याविरुद्ध गट झाला. चारचौघांत बायको मला 'अहो' म्हणायची, घरात 'अरे'. चिडली की 'गुलाम'. तो शब्द वर्षातून दोनदा तरी ऐकायला मिळायचा, आणि दरवेळी माझंच चुकलेलं असायचं.

मधे एक काळ असा आला की कॉलेजातून बोलावणंच येईना. नवे शिक्षक आले होते, त्यांना बारीक मुली हव्या होत्या. भिंतीवर, मासिकांत, सगळीकडे हाडं दिसायची. मला वाटलं हिला लागेल. मी जपून बोलायला लागलो. तिने ओळखलं.

"तोंड का पाडतोस? पान उलटलंय. परत उलटेल. मी कुठं जात नाही."

आणि उलटलं. ती पंचावन्नची असताना कॉलेजातून पुन्हा निरोप आला. आता मुलांना पुन्हा मांस काढायचं होतं, सुरकुत्या काढायच्या होत्या. ती गेली. पहिल्याच दिवशी सगळे कागद बघून घरी येऊन सांगितलं, "आज फक्त दोघांनी तासलं."

मास्तरांचं ते चित्र आता शहराच्या कलादालनात आहे. माझ्या चौकटीसकट. गेल्या वर्षी आम्ही गेलो होतो तेव्हा शाळेची एक पोरगी त्याच्यासमोर उभी राहून आरशात बघावं तशी आपली कंबर वळवून बघत होती. मैत्रिणीला म्हणाली, "ए, माझ्यासारखी आहे." लाजून नाही म्हणाली. सहज म्हणाली. माझ्या बायकोने माझा हात असा दाबला की बोटं दुखली. ती पोरगी मागे वळली असती तर तिला कळलं असतं की ती कुणासारखी आहे. पण तिला हाक मारायची गरज नव्हती. मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नाही.

आता शेवटचं सांगतो.

कॉलेजातल्या एका मुलीने यंदा माझ्या बायकोचं मोठं चित्र करायला घेतलं होतं. मुलगी म्हणजे तिशीची चित्रकार आहे, आता तिथं शिकवते. पूर्ण उभी आकृती, चौसष्ट वर्षांची बाई. पोट ओघळलेलं, दंड ओघळलेले, मान ताठ. मी ते अर्धवट असताना पाहिलं. एवढं खरं चित्र मी आधी एकदाच पाहिलं होतं.

सगळं झालं होतं, पाय राहिले होते. तिने पाय काढू दिले नाहीत. म्हणाली, "सुजलेत गं फार. जोड्यात जात नाहीत. जरा उतरू देत सूज, मग काढ." मुलगी म्हणाली, "मावशी, आहेत तसे काढते ना." पण ही ऐकेना. आयुष्यभर जिने स्वतःची दोन बोटं कुणाला कमी करू दिली नाहीत, ती पायांसाठी थांबा म्हणाली. मी तिथंच बसलो होतो. मी म्हणायला हवं होतं, अगं, काढू दे तशीच. मी म्हणालो नाही. मला वाटलं, बाईला एकदा तरी नटायचं असेल. नटू दे.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला एकच विचारलं. पायांवर सूज कधीपासून होती? मी म्हणालो, दोन महिने. ते म्हणाले, हृदयाचं होतं ते. आधी यायला हवं होतं.

परवा ती मुलगी चित्र घेऊन घरी आली. मग म्हणाली, "काका, पायांचा एखादा फोटो आहे का? नाहीतर दुसऱ्या कुणाचे बघून काढू? की कापड दाखवून झाकून टाकू?"

मी अल्बम काढले. आम्ही दोघांनी सगळे बघितले. अडतीस वर्षांत तिच्या पायांचा फोटो कुणी काढला नाही. सगळे गुडघ्यापर्यंतच.

"कापड नको," मी म्हणालो. "आणि दुसऱ्या कुणाचे तर मुळीच नको."

मला ते पाय पाठ आहेत. डाव्या अंगठ्याचं नख कसं वळलेलं होतं, टाचेला भेग कुठं होती, सूज आल्यावर घोट्याचं हाड कसं दिसेनासं झालं, सगळं. मी बसून त्या मुलीला तोंडी सांगितलं. तिने कागदावर काढून बघितलं. पाच-सहा वेळा काढलं. चांगले पाय निघाले. तिचे नाही निघाले. आणि मला स्वतःला साधी रेघसुद्धा काढता येत नाही, पट्टी लावल्याशिवाय.

चित्र बाहेरच्या खोलीत ठेवलं आहे. ती मान ताठ करून उभी आहे, घोट्यांच्या खाली कोरा कॅनव्हास आहे. पाय काढायचे राहिले आहेत.